पुसलेला कागद

नूतन लॅमिंग्टन रोडच्या कोपऱ्यावर पोचली तेव्हा हवा तपासायच्या यंत्राचं झाकण उघडं होतं, आणि आतला धूळ टिपायचा कागद तिची आई पदरानं पुसत होती.

"आई! हे काय करतेस?"

पारूबाई दचकलीसुद्धा नाही. बावीस वर्षं हाच रस्ता झाडत होती ती. पुसण्यात काय लपवायचं? "काळाकुट्ट झालता बघ. रोजच होतोय. तू यायच्या आत पुसून ठेवते."

"रोज?"

"मग! तू हा शेजारी धारवाडला नेणार, प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंच्या हातात देणार. म्हणतील, झाडूवालीची पोर, कागदसुद्धा घाण आणती."

नूतननं तिच्या हातातला कागद काढून घेतला. काचेच्या ताटलीत माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवायच्या, कागदावरची धूळ पाण्यात उतरवून त्यांच्यावर सोडायची, हे तिचं काम. बाकी सगळ्या नाक्यांच्या धुळीनं पेशी मेल्या. या एकाच नाक्याच्या ठणठणीत. उद्या पालिकेकडे अहवाल जाणार होता: इथली हवा चांगली, झाडणाऱ्यांना तोंडावरच्या पट्ट्या नकोत. तो वाचणारे साहेब गाडीच्या काचा वर करूनच इथनं जातात.

"अगं, ती घाणच पाहिजे होती आम्हाला."

"अय्यो! घाण कुणाला पाहिजे असती?" पारूबाई हसली. हसता हसता खोकली, बराच वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "त्या तुझ्या पेशी मेल्या, हे कळतं कसं?"

"जिवंत असल्या की काचेला घट्ट धरून असतात. मेल्या की सुटतात."

"किती दिवसांत?"

"एका रात्रीत."

पारूबाईनं तोंडावर बांधलेलं फडकं सोडलं. कालच धुतलेलं, पांढरं. नाकासमोर मुठीएवढा काळा डाग. सवयीनं ती ते खांबावर झटकायला गेली.

नूतननं तिचं मनगट धरलं. "झटकू नको."

"हे? हे देणार बाईंच्या हातात? लाज नाही वाटायची तुला?"

नूतननं काळी बाजू आत ठेवून फडक्याची घडी घातली आणि कागद ठेवायच्या पाकिटात सरकवली. पाकिटावर नाक्याचं नाव लिहायची जागा होती. तिथं तिनं आईचं नाव लिहिलं.