तुळजाचं गाऱ्हाणं

तुळजाचा लेक तापानं फणफणत होता, तरी परशूनं त्याला दवाखान्यात न्यायला आपली जीप दिली नाही. लेक गेला, तेव्हा तुळजानं देवीपुढं नारळ ठेवून परशूच्या नावानं गाऱ्हाणं घातलं. पुढं त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि सारा कुंभारवाडा म्हणाला, देवीनं ऐकलं.

आज बेळगावहून परतताना त्यानं मुद्दाम तिच्या दारात पोराला जीप थांबवायला लावली.

"तुळजाक्का, नवी तपासणी केली. माझ्या रक्ताच्या पेशीत जे धागे असतात, त्यांची टोकं रोग जोरात असला की झिजून आखूड होतात; माझी अजून लांब हायत. म्हणजे रोग सावकाश चालणार, मी म्हातारा होऊनच मरणार. हरली की तुझी देवी."

तुळजानं जीप चालवणाऱ्या त्याच्या एकुलत्या पोराकडं डोळे भरून पाहिलं.

"तुझं मरण कवा मागितलं मी, परशू? तुझ्या पोराच्या आधी तू जाऊ नयेस, एवढंच मागितलंय."