घोडीशी गप्पा

"मागून जायचं नाही, धावायचं नाही," पागेच्या दारातच दस्तगीरचाचांनी नियम सांगितले. "आणि घोडीजवळ असशील तोवर बोलत राहायचं, म्हणजे ती दचकत नाही."

घोडेस्वारी शिकायला आलेली इरावती घाबरली ती या शेवटच्या नियमाला. बोलताना ती अडखळायची, म्हणून कॉलेजात गप्पच असायची.

"क-काय बोलू?"

"काहीही बोल, बेटी. तिला कुठे घाई आहे?"

घोडीच्या पाठीवर ब्रश फिरवत इरावतीने सुरुवात केली. मेसमधला कच्चा भात, मैत्रिणीचं घोरणं, बुडवलेलं प्रॅक्टिकल. शब्द अडला की घोडी कान तिच्याकडे वळवून शांत उभी राहायची. मग तो सुटायचा.

तासाभराने चाचा खोगीर घेऊन आले. "चल, आता बस."

"थ-थांबा हो चाचा," इरावती हसून म्हणाली, "आमचं बोलणं चाललंय."