कमळी उठली

"साफ होईपर्यंत हे घरात कोणाला दाखवू नकोस," म्हापशात जुनी रिळं साफ करून देणारा साईश म्हणाला होता. "कच्च्या रिळात माणसं भलतंच बघतात."

"काय, भूतबीत?" तनयाने हसून विचारलं. आणि म्हापशाच्या बसस्टँडवर पोहोचायच्या आत तिने त्याने फोनवर दिलेली रिळाची क्लिप सुमंगलाआतेला पाठवूनही दिली.

आते म्हणजे तिच्या नवऱ्याची, गौरेशची आत्या. कोरगावच्या घरात तनया, आते आणि तनयाची सव्वा वर्षाची लेक गौरवी. गौरेश वास्कोला बंदरात, सुट्टीपुरता येणारा. रीळ सापडलं तेही आतेच्याच माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात. झाकण उघडलं तसा आंबूस वास घरभर झाला.

रीळ सगुणबाबांचं. गौरेशचे पणजोबा, आतेचे आजोबा. मूकपटांच्या दिवसांत ते कोल्हापूरला गेले. आधी नटांच्या तोंडावर उन्हाचे आरसे धरले, मग कॅमेऱ्यामागे उभे राहिले. कॅमेरा तेव्हा हाताने चालायचा. सेकंदाला हँडलचे दोन फेरे, ना कमी ना जास्त. लय चुकू नये म्हणून सगुणबाब ओठातल्या ओठात आरती म्हणत. देवाधर्माच्या चित्रपटात चमत्कार असला की बोलावणं त्यांनाच. गळालेला आंबा त्यांनी पडद्यावर पुन्हा फांदीला लावला होता, जळालेली वात पुन्हा लांब केली होती. कशी, ते कोणाला सांगत नसत. मग ऐन उमेदीत एकदा गावी आले आणि परत गेलेच नाहीत. पुढे लग्नाकार्यात कोणी फोटो काढू लागला की उठून परसात जायचे.

क्लिप अंधुक होती. ओसरीवर म्हातारी, तिच्या मांडीवर मेल्यासारखं पडलेलं मूल. म्हातारी त्याला गदागदा हलवते. मान लोंबते. मध्येच चित्र उडतं. मग मुलाच्या तोंडाशी पळी, आणि लगेच मूल हसतंय, टाळ्या वाजवतंय. बाजूला सहाणेवर पानांसकट एक मूळ.

तनया घरी पोहोचली तेव्हा आते फोन डोळ्यांशी धरून रडत होती.

"आमची कमळी गो ही! आज्याची थोरली. आणि ही माझी पणजी, आज्याची आई. गावोगावची माणसं औषधाला यायची हिच्याकडे. तिचं औषध तिच्यासोबत गेलं म्हणून सगळे हळहळायचे, आणि बघ, आज्याने धरून ठेवलंय!"

"पण कमळी लहानपणीच गेली ना? तुम्हीच सांगितलेलं."

"त्या काळात पोरं जायचीच, बाये. पण त्या दिवशी उठली ना? डोळ्यांनी बघतेस आणि वर विचारतेस!"

मूळही आतेने ओळखलं. विहिरीमागच्या वेलीला तसलीच पानं होती.

तनयाने गौरवीला उचलून घेतलं. गौरवीला ताप चढला की तिचे डोळे फिरत. दोनदा झालं होतं. वाढत्या वयात थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तेव्हापासून तनया निजलेल्या पोरीच्या छातीवर हात ठेवून बसे.

"हात ठेवून ताप उतरत असता तर डॉक्टर कशाला हवे होते?" आते चिडवायची. "कॉलेजात हेच शिकवलं काय?"

"आते, मला विचारल्याशिवाय तिला काही द्यायचं नाही."

"नाही गो. मला काय खूळ लागलंय?"

पुढच्या शुक्रवारी साईशचा फोन आला, रीळ साफ झालं. तनयाला म्हापशाहून गौरवीचं तापाचं औषधही आणायचं होतं. पोरीचं अंग थंड होतं, ती आतेच्या पदराशी खेळत होती. तनयाने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला, मग स्कूटर काढली.

साईशने मोठ्या पडद्यावर लावलं. तीच ओसरी, पण आता म्हातारीच्या हातावरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. मागे अंगणात एक कोंबडी होती, आधी कधी न दिसलेली. ती शेपटाच्या दिशेने, मागे मागे चालत होती.

"कोंबडी बघ," तनया म्हणाली.

साईश कोंबडीकडे बघत नव्हता. पळी कमळीच्या तोंडात रिकामी गेली होती आणि भरून बाहेर आली होती.

"हँडल उलटं फिरवलंय," तो हळूच म्हणाला. "मेलेलं मूल उठतं, असा प्रसंग घ्यायचा असणार. आधी हसताना घ्यायचं. मग काहीतरी देऊन निजवायचं आणि निजलेलं घ्यायचं. पडद्यावर सगळं मागून पुढे दिसतं."

"सुलटं लाव."

कमळी हसली. टाळ्या वाजवल्या. भरलेली पळी तोंडात गेली. चित्र उडालं. आता ती निजली होती. म्हातारीने तिला हळूच हलवलं. पुन्हा हलवलं. मग गदागदा. मग म्हातारीने थेट कॅमेऱ्याकडे, त्यामागच्या आपल्या लेकाकडे, बघून तोंड उघडलं. आवाज नव्हता.

हँडल तरीही फिरत होतं. रीळ संपेपर्यंत एक फेरा चुकला नव्हता.

तनयाने फोन काढला. आतेचा निरोप येऊन पडला होता. आतेचाच आवाज, हसरा. "भियू नको गो. तू गेलीस आणि चेडवाला ताप भरला. पणजीचं मूळ उगाळून दिलंय. कसं शांत निजलंय बघ."

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग जिन्यावरून उतरता उतरता तिने गावच्या ग्रुपवर लिहिलं:

"कोरगावात आत्ता कोण आहे? धावत आमच्या घरी जा. आते दारातच सांगेल, पोर निजली आहे, उठवू नका. तिचं ऐकू नका. आत जा आणि माझ्या गौरवीला बघा."