महादेवा, घाबरला का रं?

"माझं नाव अंजू. म्या मॉरिशसहून आले बगा. तुमा समद्यायला बगून लई आनंद व्हायलाय."

निलंग्याच्या मठातल्या मंडपात सगळ्यांनी माना वर केल्या. मग बायकांच्या बाजूने हसू फुटलं ते पुरुषांपर्यंत पसरत गेलं. चाळिशीची, खांद्यापर्यंत केस कापलेली, विमानाने आलेली ही पाहुणी बोलत होती मात्र सोमवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालणाऱ्या बाईसारखी.

पुढच्या रांगेत बसलेल्या शिवगंगाबाईंनी पदर तोंडावर ओढला. त्यांना हसू आलं नव्हतं. लाज वाटत होती.

कारण ही भाषा त्यांचीच होती. मठाने वर्षभराच्या सेवेसाठी त्यांना आणि त्यांचे पती मन्मथ गुरुजींना मॉरिशसला पाठवलं होतं. कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी माणसांच्या पतवंडांना शिवोपासना शिकवायची आणि शुद्ध मराठीही. गुरुजींचा सगळा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेलेला. ते देवळाच्या सभागृहात फळ्यासमोर वर्ग घ्यायचे. शिवगंगाबाई सोबत गेलेल्या. त्या मागच्या स्वयंपाकघरात प्रसादाचं बघायच्या. पुढेपुढे वर्गातल्या बायका एकेक करून स्वयंपाकघरातच येऊन बसू लागल्या आणि बाईंचंच बोलणं उचलू लागल्या. गुरुजी उरलेल्यांना फळ्यावर शिकवत राहिले. पण परतीच्या विमानात ते सारा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आणि त्या सेवेचं फळ आता मठाच्या महाराजांसमोर, अख्ख्या गावासमोर माईक धरून उभं होतं.

"गुरुजी, हे कोणत्या इयत्तेचं व्याकरण म्हणायचं?" सिद्धेश्वरअप्पा आडत्याने मागून आवाज दिला. पुन्हा हशा झाला. गुरुजींनी मान खाली घातली.

अंजूने भांबावून महाराजांकडे पाहिलं. "चुकलं का माझं?"

"न्हाई, न्हाई. बोल बाई," महाराज म्हणाले. "आमाला तर समदं कळायलंय."

अंजूही हसली. मग बोलू लागली.

"आमच्या देवळात आरती व्हायची. आजीनं शिकवलेली, समदी तोंडपाठ. पन एका शब्दाचा अर्थ ठाव न्हवता. देवाम्होरं उभं राहायचं, म्हनायचं नि घरी जायचं. देवाशी बोलता बी येतं, हे कुनी सांगितलंच न्हाई. मग ही माय आली."

तिने सरळ बोट दाखवलं. शिवगंगाबाईंचा पदर आणखी खाली आला.

"एक दिस सकाळी मी देवळाच्या स्वयंपाकघरात गेले. माय गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसलेली. तितक्यात गॅसवरचं दूध उतू आलं. माय तशीच उठून पळाली. उजव्या हातानं गॅस बंद केला, नि डाव्या हाताकडं बगून म्हनली, महादेवा, घाबरला का रं? दूधच हाय."

मंडपात खसखस पिकली. या वेळच्या हसण्यात माया होती.

"मी इचारलं, माय, कुनाशी बोलायलीस? तर म्हनली, ह्याच्याशी. दुसरं कोन हाय हितं?"

अंजूने माईक दुसऱ्या हातात घेतला. आता कुणी हसत नव्हतं.

"गुरुजींनी अक्षरं शिकवली, म्हनून आजीच्या आरतीचा अर्थ मला वाचता आला. देवाशी बोलायचं मायनं शिकवलं. तिनं जसं शिकवलं, तसंच मला येतं. माझी आई अंथरुनाला खिळून हाय. कुनाशी बोलायची न्हाई. आता सकाळी आमी दोघी महादेवाशी बोलतो. काल काय खाल्लं, पाय किती दुखला, समदं सांगतो. परवा आईनं त्याला इचारलं, तुला साप टोचत न्हाई का रं गळ्यात? नि सोताच हसली. लई दिसानं हसली, बगा."

शिवगंगाबाईंच्या तोंडावरचा पदर कधी सरकला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

गुरुजी उठले. मंडप सावध झाला. चारचौघांत कुणी 'ण'ला 'न' म्हणालं, तरी गुरुजी थांबवून सुधारायचे, हे सगळ्या निलंग्याला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला.

"सिद्धेश्वरअप्पा," ते म्हणाले, "व्याकरण विचारलंत ना? मी नीट कान देऊन ऐकलं. एकही चूक नाही."

टाळ्यांनी मंडप दणाणला. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होते सिद्धेश्वरअप्पा.

मग पंगती बसल्या. बायकांनी अंजूला मध्ये घेतलं. जो तो तिला एक वाक्य बोलायला लावत होता, आणि ती न कंटाळता बोलत होती. शिवगंगाबाई आमटीची बादली घेऊन वाढत होत्या. महाराज फिरत फिरत गुरुजींच्या पानाशी येऊन थांबले.

"गुरुजी, कॅनडातल्या मंडळींचा बी निरोप आला हाय. त्यांला बी कुनीतरी पायजे वर्षभर. जाताव का?"

गुरुजींनी हातातला घास खाली ठेवला आणि बायकोकडे हात केला.

"तिला विचारा. ती निघाली, तर मी जाईन सोबतीला."

सगळी पंगत शिवगंगाबाईंकडे बघू लागली. त्यांनी अंजूच्या द्रोणात आमटीचा पळा रिकामा केला, बादली खाली ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तिकडं जवारी मिळती का?"