शेवटचा प्रश्न

सकाळचे ऊन सभागृहाच्या उंच खिडक्यांतून आत आले, रिकाम्या खुर्च्यांवरून रांगेरांगेने सरकत गेले आणि व्यासपीठावरच्या पाण्याच्या ग्लासात जरा विसावले. डॉक्टर खडीकर पहिल्या रांगेत एकटेच बसून ते पाहत होते. व्याख्यानांना अजून तासभर अवकाश होता.

"आजचे दोन धरले की तुमचे तीस पॉइंट पूर्ण," नोंदणीच्या टेबलावरून डॉक्टर वाघुळदे म्हणाले. "वैद्यक परिषदेकडची डॉक्टरकीची नोंदणी पुढची पाच वर्षं पक्की. म्हणजे तोवर पेशंटांची काही सुटका नाही."

खडीकर हसले. दिवसभर त्यांनी नवजात बालकांच्या काविळीवर चार पाने टिपणे काढली. जेवताना मात्र ताट घेऊन ते खिडकीशी एकटेच उभे राहिले.

संध्याकाळी सगळे घाईघाईने सह्या करून पांगले. वैद्यक परिषदेची तरुण निरीक्षक खडीकरांचा अभिप्रायाचा कागद घेऊन आली. "सर, शेवटचा प्रश्न राहिलाय. तो भरल्याशिवाय पॉइंट मिळणार नाहीत."

कागदावर प्रश्न होता, 'आजच्या ज्ञानाचा आपल्या रुग्णांना काय उपयोग होईल?' दर वेळी ते लिहीत आले होते, 'रोजच्या तपासणीत.' आज हात चालला नव्हता.

"काहीही लिहा सर," ती हळूच म्हणाली. "हे कोणी वाचत नाही."

"तुम्ही वाचलंत की."

ती समोरच्या खुर्चीवर बसून राहिली. त्यांनी चष्मा पुसला आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले, 'दवाखाना बंद होऊन दोन वर्षे झाली.'