निळ्या कानांचं भांडं

"कसलं आहे भांडं?" कोच लायल ग्रेबरने खुर्चीतून न उठताच विचारलं.

त्याच्या बायकोने, नेडीनने, पडद्याची कड जराशी सरकवली. "दिसत नाही रे. वर फडकं टाकलंय. आर्डिस आहे."

आर्डिस व्होल्मर म्हणजे कॉलेजच्या विश्वस्तांच्या अध्यक्षांची बायको. चर्च सुटल्यापासून विश्वस्तांची बैठक चालू होती आणि अजून फोन नव्हता. पण वेलर गावात फोनची वाट बघतो कोण? गावात कुणी वारलं, कुणाला मूल झालं, कुणी गाव सोडून निघालं, की बायका आधी ओव्हन पेटवतात आणि मग तोंड उघडतात. राहणाऱ्याच्या दारात घरातलं काचेचं भांडं जातं, तळाला चिकटपट्टीवर नाव लिहून. ते धुऊनपुसून परत करायचं असतं. जाणाऱ्याला मात्र दुकानातला ॲल्युमिनियमचा पातळ ट्रे. खाल्लं की दिला फेकून. ज्याला सामान बांधायचंय त्याच्या डोक्याला भांड्यांचा ताप नको, एवढाच त्यातला चांगुलपणा. आधीच्या कोचकडे एका दुपारी नऊ ट्रे आले होते.

यंदा फुटबॉलचे दहा सामने झाले, त्यातले नऊ हरले. शेवटचा कालच, तोही घरच्या मैदानावर, एकतीस गुणांनी. दोन महिने लायलच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तो न्हाव्याच्या दुकानात शिरला की आतली बडबड एकदम बंद पडायची. मागच्या आठवड्यात कुणीतरी त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवून गेलं. नेडीनने ती उपटली आणि शेकोटीत घातली.

गावात दोन अफवा होत्या. एक, नवा कोच आणणार. दुसरी, कॉलेज फुटबॉलच बंद करणार. दुसरी ऐकून लोक हसायचे. पाण्याच्या टाकीवरसुद्धा लंबगोल चेंडू रंगवलेलं गाव फुटबॉल बंद करेल? लायलही हसला होता. त्याची झोप उडवली होती ती पहिलीने. वय छप्पन्न. हेल्मेट घातलेल्या पोरांवर ओरडणं आणि आठवड्यातून दोनदा आरोग्याचा तास घेणं, याखेरीज आपल्याला काडीचं काही येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"धर गं बाई, हात भाजले माझे," म्हणत आर्डिस थेट स्वयंपाकघरात आली आणि तिने फडकं ओढलं. खाली काच होती. जाड, जुनी, निळ्या कानांची. नेडीनने भांडं हळूच तिरकं केलं. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर ठसठशीत अक्षरात 'व्होल्मर'.

"ईस्टरच्या आत परत दे हं. माझं हॅम दुसऱ्या कशात होत नाही."

"म्हणजे आम्ही..." लायल खुर्चीतून उठला.

"तू कुठं चाललास? आरोग्याचा तास कोण घेणार, माझा म्हातारा? त्याला जिना चढवत नाही." आर्डिस हसली, पण तिने कोट काढला नाही की लायलकडे नीट पाहिलं नाही. "निघते गं. वसतिगृहावर सगळ्याजणी खोळंबल्यात," म्हणून ती आली तशी गेली.

नेडीन सिंकला टेकून रडायला लागली. लायलने तिला उचलून गर्रकन फिरवलं आणि कंबर धरून खाली बसला. वाचलो, वाचलो, एवढंच तो पुटपुटत होता. मग त्याला पोरं आठवली. त्यांचाही जीव टांगणीला लागला असणार. आज एवढा वेळ ती आपल्या मनात आलीच नाहीत, याची त्याला मनापासून लाज वाटली. ह्यूस्टन, मायामी, पार सामोआच्या बेटावरची पोरं. त्यांच्या आयांच्या स्वयंपाकघरात बसून लायलने शब्द दिला होता: चार वर्षं मी सांभाळतो, पदवी हातात देऊन परत पाठवतो.

तो टोपी न घालताच सुटला. वसतिगृह दोन गल्ल्या पलीकडे. वाटेत भेटलेल्या तीन बायांनी माना खाली घातल्या. त्याचं लक्षच नव्हतं.

"पोरांनो!" जेवणघराच्या दारातूनच तो ओरडला. "मी कुठंही जात नाही!"

एकच गिल्ला झाला. ताटं टेबलांवर आदळली. कुणी काही म्हणायच्या आत चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. सबंध वर्षात ही वेळ आली नव्हती.

"मी म्हटलं नव्हतं, कोच?" खालून कर्णधार टेरेल ओरडला. "या गावाला आपण हवे आहोत! दुपारपासून बाया येतायत नुसत्या! नऊ सामने हरून एवढं जेवण!"

"जिंकलो असतो तर बैल भाजला असता यांनी!" तोंडात घास असलेला कुणीतरी म्हणाला, आणि सगळे खिदळले.

खांद्यावरून लायलला पूर्ण खोली दिसत होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं, टेबलांवर वाफाळतं जेवण, आणि जेवणाखाली पातळ, चकचकीत ॲल्युमिनियम. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याने काच शोधली. पुन्हा एकदा शोधली. "खाली ठेवा मला," तो म्हणाला, पण गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

टेरेलने एक रिकामा ट्रे उचलला, उलटा केला आणि हसत त्याच्यासमोर धरला.

"फक्त एक सांगा, कोच. नाव एकाखालीही नाही. मग परत कुणाला द्यायचे हे?"