दहा बाय दहाचं थिएटर

सबनीसांच्या दहा बाय दहाच्या खोलीत होम थिएटर बसवायचं होतं. खुर्च्या भिंतीपासून सात फुटांवर ठेवायच्या तर खाट आड येते, हे डिझायनर मुक्ताला टेप लावताच कळलं. खाटेवर सबनीसांच्या आई पडून होत्या. हल्ली प्रोजेक्टर कोणी घेत नसे. म्हाताऱ्या माणसाच्या कपाळाला पट्टी लावली की त्याच्या आठवणी थेट भिंतीवर दिसत.

"आईला कोपऱ्यात खुर्चीत बसवून टाकू," सबनीस वेफर्स चघळत म्हणाले. "पट्ट्याने बांधलं की हलायची नाही. फक्त तिचा खोकला ऐकू येणार नाही असं काहीतरी करा. रविवारी पाहुण्यांना तिचं लग्न दाखवायचंय."

मुक्ताला शिसारी आली. या माणसाच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये, असं तिला वाटलं. तरी तिने आईंच्या कपाळाला पट्टी लावून चाचणी सुरू केली.

भिंतीवर लग्न आलं नाही. हीच खोली दिसली, खाटेवरून दिसते तशी, आणि वाकलेली एक बाई. तिने आईंचे पाय सामानासारखे बाजूला सारले, त्यांच्या तोंडाकडे एकदाही न बघता टेप लावली आणि वहीत आकडा लिहिला.

"या तर तुम्हीच," सबनीस खूश होऊन म्हणाले. "चित्र काय स्वच्छ आलंय बघा."